अडतीस नंबरी संयम

बारीक माणसांबद्दल जगाचं मत उगीचच चांगलं असतं. एखादा भरल्या देहाचा गृहस्थ पंगतीत दुसरी पुरणपोळी मागतो, तेव्हा वाढणाऱ्याचा हातसुद्धा क्षणभर थबकतो. त्याच्याच शेजारचा काटकुळा इसम सातव्या पोळीवर तुपाची धार धरायला सांगतो, तेव्हा मात्र मंडळी कौतुकानं म्हणतात, "जातं कुठं हो हे सगळं? अंगाला काही दिसत नाही!" पोळी तीच, तूप तेच, यजमानाचा खर्च तर दुसऱ्यापायीच जास्त. पण एकाचा होतो खादाडपणा आणि दुसऱ्याची होते गंमत. बारीक तो संयमी, बारीक तो विचारी, बारीक तो सुसंस्कृत, अशी आपली पक्की समजूत. डासही बारीकच असतो, हे अशा वेळी कुणालाही आठवत नाही.

ही समजूत माणसांपुरती राहिली असती तर फारसं बिघडलं नसतं. पण आपण ती वस्तूंनाही चिकटवतो. जाड काठाच्या धोतरापेक्षा बारीक काठाचं धोतर अभिरुचीचं, जाड भिंगाच्या चष्म्यापेक्षा बारीक काडीचा चष्मा बुद्धिमंताचा. एक पगार सोडला तर लठ्ठ असलेली कुठलीच गोष्ट आपल्याला मनापासून सभ्य वाटत नाही. आणि हा न्याय सगळ्यांत काटेकोरपणे कुठं लावला जात असेल, तर तो क्युबातल्या सिगारींना.

सिगार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला खलनायक येतो. तोंडात सोट्याएवढी सिगार, बोटांत चार अंगठ्या आणि समोर खुर्चीला बांधलेला नायकाचा बाप. त्याच खलनायकाच्या बोटांत एक लांब, शिडशिडीत सिगार देऊन पाहा. माणूस एकदम राजदूत वाटायला लागतो. बापाला सोडून देईल आणि वर चहा विचारील असं वाटतं.

आमच्या एका स्नेह्यांनी नेमक्या याच राजदूतपणाचा आश्रय घेतला. आयुष्यभर बोटीवर एंजिनियर होते. बंदराबंदरांतून सिगारीचा शौक जडला तो निवृत्तीनंतरही सुटला नाही. पुतण्या परदेशातून येताना विमानतळावरच्या दुकानातून एखादी पेटी घेऊन येतो. मध्यंतरी डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि म्हणाले, "हे कमी करा." डॉक्टरांना काय कमी करायला सांगायचं होतं हे तुम्हाआम्हाला कळतं. पण एंजिनियर माणूस. त्यांनी विचार केला, आणि पुढच्या भेटीत अभिमानानं सांगितलं, "केलं. पन्नासवरून अडतीसवर आणलं."

डॉक्टरांना वाटलं, महिन्याच्या सिगारी. त्यांनी पाठ थोपटली. वास्तविक तो आकडा जाडीचा होता.

इथं थोडं मापाचं सांगायला हवं. सिगारीची जाडी मोजतात ती इंचाच्या चौसष्टाव्या भागात. आपल्या सुताराच्या भाषेत बोलायचं तर एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे आठ नंबर. तेव्हा ५० नंबरची सिगार झाली सव्वासहा सूत, आणि ३८ नंबरची पावणेपाच सूत. साधारणपणे चाळिशीच्या आतली सिगार बारीक म्हणायची. बारीक सिगारींतली सगळ्यांत मानाची कोहिबाची लान्सेरो. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ भालाईत, आणि नाव शोभतंही. लांबी १९२ मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच, आणि जाडी ३८. टोकाला पानाचाच पीळ देऊन काढलेली इवलीशी शेपटी. तिची धाकटी बहीण कोरोना एस्पेसियाल, जाडी तीच पण लांबी १५२. आणि शेंडेफळ पानेतेला, लांबी ११५, जाडी अवघी २६. कोहिबा १९८२ मध्ये सर्वसामान्य गिऱ्हाइकांसाठी बाहेरच्या बाजारात आली ती याच तिघींना घेऊन. मोंतेक्रिस्तोच्या घरातही याच मापाच्या तिघी निघाल्या. त्यांतल्या धाकटीचं नाव खोयिता, म्हणजे छोटंसं रत्न. १९९८ पासून विकायला आलेली त्रिनिदादची फुंदादोरेस ही लान्सेरोइतकीच उंच, पण कंबर ४०. आमच्या स्नेह्यांच्या मते हिचं जरा सुखवस्तू घराणं.

तर रोज संध्याकाळी आमचे स्नेही गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसतात. पुढ्यात दोन-तीन पेट्या असतात. आज लान्सेरो की कोरोना एस्पेसियाल? वारा किती आहे? दुपारी आमटी तिखट होती का? जेवायला अवकाश किती? एवढा विचार त्यांनी मुलीला स्थळ पाहताना केला नव्हता. मी एकदा म्हटलं, "घ्या हो कुठलीतरी." त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते पाहणं, रत्नागिरीच्या माणसापुढे एखाद्यानं "आंबे काय, सगळे सारखेच" असं म्हटल्यावर तो जसं पाहील तसं होतं. "निवड करता येणं," ते म्हणाले, "हाच माणूस आणि जनावर यांतला फरक. बैल पुढ्यात येईल ते खातो."

वाक्य चांगलं होतं. धुरातून आलं होतं म्हणून आणखीच चांगलं वाटलं. पण त्यांची नात नववीत आहे, आणि नववीतल्या मुलांना तत्त्वज्ञानाचा धाक नसतो. तिनं शेजारी वही उघडली आणि वृत्तचितीचं घनफळ काढलं. लान्सेरोत तंबाखू मावतो सुमारे ३४ घनसेंटिमीटर. आजोबांनी सोडलेली ती जाड रोबुस्टो, जाडी ५०, पण लांबी फक्त १२४. तिच्यात मावतो ३८. म्हणजे जाडी जवळजवळ पाव हिश्शानं उतरली, पण तंबाखू उतरला एक दशांशच. बाकीचा लांबीत जाऊन बसला. आणि ती सुखवस्तू घराण्यातली फुंदादोरेस? तिचंही उत्तर ३८! बारीक म्हणून आणली, ती वजनाच्या काट्यावर जाडीबरोबर तुल्यबळ. खरी बारीक निघाली ती एकटी पानेतेला, साडेनऊ घनसेंटिमीटरची. पण ती आजोबा दिवसाला तीन ओढतात. "अंगालाच लागत नाही," म्हणतात.

याला आपल्याकडे फार जुनं नाव आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी. उपास म्हणून भात सोडला आणि साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ आणि वर दोन केळी एवढ्यावरच भागवलं. देवाला तांदळाचा हिशेब दिला आणि पोटाला बाकीचा. लान्सेरो ही धूम्रपानाची एकादशी आहे. फराळ तास-सव्वा तास चालतो एवढंच. आणि शरीर तर देवापेक्षाही कडक हिशेबनीस. सिगारीचा धूर छातीत न घेता नुसता तोंडात घोळवला तरी तोंडाचा, घशाचा कर्करोग व्हायचा धोका राहतोच. तो यायच्या आधी पेटीवर कुठलं घराणं लिहिलंय हे वाचत बसत नाही.

वहिनींनी हे सगळं एका वाक्यात आधीच सांगून ठेवलं होतं. "जाड असो की बारीक, पडद्यांना वास तोच."

पण आमच्या स्नेह्यांवर अन्याय करू नये. वही मिटल्यावर त्यांनी बाजू बदलली. म्हणाले, "प्रश्न मापाचा नव्हेच. प्रश्न चवीचा आहे." आणि यात तथ्य आहे. सिगारीत पोटात भरायची पानं वेगळी, ती बांधून ठेवणारं पान वेगळं, आणि वरून गुंडाळायचं रेशमासारखं पान वेगळं. हे वरचं पान क्युबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात, व्हुएल्ता आबाखोच्या शेतांत कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, ऊन चाळून मिळावं म्हणून. सिगार जितकी बारीक, तितका पोटातल्या भरताच्या मानानं या वरच्या पानाचा वाटा जास्त. म्हणून बारीक सिगारीत त्याची चव पुढे येते. शिवाय बारीक सिगार वळणं हे महाकठीण काम. भरताची एखादी दुमड जास्त झाली की हवा अडते आणि ओढणाऱ्याचे गाल बसतात. कमी झाली की सिगार भडाभडा जळून कडवट होते. जाड सिगारीत थोडं इकडेतिकडे खपतं. बारीक सिगारीत हाताची चूक लपत नाही.

म्हणजे बारीकपणाची थोरवी खरी आहे. फक्त ती ओढणाऱ्याची नाही, वळणाऱ्याची आहे. आणि मला जो प्रश्न पडला तो इथंच. आपण दुकानात चार पेट्यांपुढे उभे राहून एक उचलतो आणि त्याला 'माझी निवड' म्हणतो. त्या निवडीवर आपला स्वभाव, आपली अभिरुची, क्वचित आपला संयमही सिद्ध झाला असं मानतो. पण त्या निवडीतलं आपलं असतं किती?

या लान्सेरोचीच जन्मकथा पाहा. साठच्या दशकात फिदेल कास्त्रोंच्या एका अंगरक्षकाला त्याचा एक ओळखीचा कारागीर खाजगीत सिगारी वळून देत असे. कारागिराचं नाव एदुआर्दो रिव्हेरा. एकदा कास्त्रोंना त्या सिगारीचा वास आवडला, त्यांनी अंगरक्षकाकडूनच एक मागून घेतली, आणि मग तीच त्यांची सिगार झाली. पुढे हवानाच्या कडेच्या एका जुन्या हवेलीत, एल लागितो नावाच्या कारखान्यात, ती बाया वळायला लागल्या. १९६६ मध्ये कोहिबा हे नाव आलं आणि परदेशी पाहुण्यांना नजराणा म्हणून पेट्या जाऊ लागल्या. आता यात निवड कुठली आली? जगातल्या सगळ्यांत मानाच्या बारीक सिगारीचा शोध हाताखालच्या माणसाकडे "एक दे रे" म्हणून हात पसरण्यात लागला. कॉलेजच्या कट्ट्यावर ही पद्धत आजही चालू आहे, तिला कुणी रसिकता म्हणत नाही. त्याच कास्त्रोंनी १९८५ मध्ये देशातल्या धूम्रपानविरोधी मोहिमेपायी सिगार सोडली. त्यांच्या सिगारीच्या इतिहासात स्वतः केलेली निवड मला हीच एक दिसते.

दुसरी गोष्ट त्यांच्या शत्रुपक्षातली. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनाही क्युबाचीच सिगार लागायची, आणि तीही उपमान घराण्यातली लहानखुरी, सडपातळ पेती उपमान. त्यांचे प्रसिद्धीप्रमुख पिएर सॅलिंजर यांनी पुढे १९९२ मध्ये हकीगत सांगितली. १९६२ च्या फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी अध्यक्षांनी त्यांना बोलावून उद्या सकाळपर्यंत हजारभर पेती उपमान मिळवायला सांगितल्या. सॅलिंजर गावभर हिंडले आणि बाराशे घेऊन सकाळी हजर झाले. अध्यक्ष खूश झाले, टेबलाचा खण उघडला, एक कागद काढला आणि सही केली. तो क्युबाशी व्यापार बंद करण्याचा हुकूम होता. ती व्यापारबंदी आजही उठलेली नाही.

ही गोष्ट सांगून लोक हसतात. मीही हसतो. पुढाऱ्यांनी आधी स्वतःची सोय करून मग जनतेला त्याग शिकवावा, यात आपल्याला नवल वाटण्यासारखं काही नाही. पण हसून झाल्यावर मनात राहतं ते असं, की निवड म्हणून केनेडींची निवड उत्तमच होती. माप उत्तम, घराणं उत्तम, वेळ तर अत्युत्तम! उणं एवढंच, की तिची किंमत त्यांना पडली नाही. ती पडली दुसऱ्या कुणाला तरी, समुद्रापलीकडच्या शेतात आणि कारखान्यात. आवडीनिवडीची नीती तपासायची असेल तर 'काय निवडलं' हे विचारून भागत नाही. 'किंमत कोणी मोजली' हेही विचारावं लागतं. गिऱ्हाइकाला वाटतं, ती आपणच मोजली. पावती असते ना! २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदादच्या किमती जगभर एकदम वाढवल्या गेल्या, तेव्हा आमच्या स्नेह्यांच्या पुतण्याचा चेहरा पाहून मलाही तसंच वाटलं होतं. पण पावतीवरचा आकडा ही किमतीतली सोपी बाजू झाली.

क्युबात तंबाखूची पानं निवडण्याच्या जागेला एस्कोखिदा म्हणतात. शब्दाचा साधा अर्थ 'निवड'. तिथं माणसं, बहुतेक बायका, पुढ्यातल्या ढिगातलं एकेक पान उचलून आकार, रंग, पोत पाहून वेगळं करतात. पुढं कारखान्यात सिगारी वळून झाल्या की पुन्हा निवड. तयार सिगारी रंगाप्रमाणे लावायच्या. डोळ्याला जेमतेम कळतील अशा छटा. आणि पेटीत डावीकडे गडद, उजवीकडे फिकी, अशी ओळ लावायची. आपण पेटी उघडून "हं, ही घेतो" म्हणतो, तेव्हा ती सिगार अशा किती बोटांनी किती वेळा निवडून आपल्यापुढे ठेवलेली असते! आपली निवड ही त्या सगळ्या निवडींवरची शेवटची लहानशी सही. त्यातही मौज अशी, की त्या बाईनं चुकीचं पान निवडलं तर पेटी बिघडते. आपण चुकीची पेटी निवडली तर आपली एक संध्याकाळ फक्त जरा बेचव जाते.

मग त्या लोकांनी स्वतःसाठी काही निवडलं की नाही? निवडलं. आणि मला वाटतं, सिगारीच्या सगळ्या इतिहासात खरी श्रीमंत निवड तीच. १८६५ मध्ये हवानातल्या एल फिगारो नावाच्या कारखान्यात एक प्रथा सुरू झाली. शेकडो माणसं बाकांवर बसून दिवसभर पानं वळणार. हात गुंतलेले, कान रिकामे. तेव्हा एका माणसानं उंच जागी बसून मोठ्यानं वाचायचं. वर्तमानपत्र, कादंबरी, जे ठरेल ते. वाचणाऱ्याचा पगार मालक देत नव्हता. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. आणि कुठलं पुस्तक वाचायचं ते कामगारच मत देऊन ठरवत. सरकारला अर्थातच हे झेपलं नाही. दुसऱ्याच वर्षी, १८६६ मध्ये, स्पॅनिश अधिकाऱ्यांनी वाचनावर बंदी घातली. काय ओढावं यापेक्षा काय ऐकावं हे लोक ठरवायला लागले, की सत्तेच्या पोटात जास्त लवकर दुखतं. पण ती प्रथा मेली नाही. क्युबातल्या कारखान्यांत ती आजही आहे, फक्त आता वाचणाऱ्याचा पगार सरकार देतं.

आलेक्सांद्र द्युमाची 'काउंट ऑफ मोंते क्रिस्तो' ही कादंबरी या ऐकणाऱ्यांची फार लाडकी होती, आणि १९३५ मध्ये निघालेल्या मोंतेक्रिस्तो सिगारीला नाव तिच्यावरूनच पडलं, असं सांगतात. म्हणजे आमचे स्नेही गॅलरीत बसून "आज मोंतेक्रिस्तो घ्यावी म्हणतो" असं म्हणतात, तेव्हा ते कुणाच्या तरी जुन्या निवडीचंच नाव घेत असतात. त्या निवडीला वर्गणी पडली होती, मतं पडली होती, आणि ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात घरी जाईपर्यंत, कदाचित जन्मभर, राहिली होती. आपल्या निवडीची तेवढ्या वेळात राख झालेली असते, आणि तीही गॅलरीच्या कठड्यावर.

मी हे सगळं आमच्या स्नेह्यांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. लान्सेरो लांब असल्यामुळे विचाराला वेळ मिळतो, हा तिचा एक गुण मान्य केला पाहिजे. मग म्हणाले, "वाचणाऱ्याची कल्पना मात्र झकास आहे. संध्याकाळी कुणी मोठ्यानं वाचून दाखवलं, तर कदाचित मला हिची गरजही पडायची नाही." आणि त्यांनी आशेनं घरात पाहिलं.

आतून वहिनी म्हणाल्या, "वाचीन की. वर्गणी काय देणार?"

एवढ्यानं सिगार सुटली असं मी म्हणणार नाही. पण त्या आठवड्यापासून त्या घरात संध्याकाळी तासभर वाचन चालतं. वर्गणी म्हणून वाचन चालू असेपर्यंत पेट्या कपाटात राहतात, आणि किल्ली वाचणाऱ्याकडे. आमच्या स्नेह्यांना समुद्रावरच्या साहसकथा हव्या होत्या. पण पुस्तक मतं घेऊन ठरवायचं हा नियम त्यांनीच उत्साहानं मान्य केला होता, आणि घरात मतं तीन. नात आणि आजी एका बाजूला झाल्या. सध्या तिथं पाच भागांची एक कौटुंबिक कादंबरी चालू आहे. चांगली जाडजूड आहे म्हणतात.